२३-२२ : रिग्ली फील्डवरचा १७ मे १९७९चा सामना – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या बेसबॉल सामन्यांचा विषय निघाला की शिकागोच्या या सामन्याबद्दल हमखास विचारणा होते. खेळ नवा असलेल्यांना यातले आकडे खोटे वाटतात. खेळ माहीत असलेले बहुधा फटक्यांबद्दलच बोलत राहतात. माझं मत वेगळं आहे. ज्या दिवशी बॅटर थांबतच नव्हते, त्या दिवसाचा निकाल अखेर एका पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, लावला, आणि त्याचं नाव फार कमी जण घेतात. त्याच्यापर्यंत पोचायचं तर आधीचा सगळा धुमाकूळ नीट समजून घ्यायला हवा.

थोडक्यात, झालं काय होतं?

गुरुवार, १७ मे १९७९. शिकागोतलं रिग्ली फील्ड. यजमान शिकागो कब्ज, पाहुणे फिलाडेल्फिया फिलीज. फिलीजने दहा इनिंगमध्ये २३-२२ असा विजय मिळवला. दोन्ही संघांचे मिळून ५० हिट (बॅटरला निदान पहिल्या बेसवर पोचवणारे फटके) झाले, आणि त्यांतले ११ होमरन, म्हणजे बॅटरला थेट पूर्ण फेरी मिळवून देणारे, बहुधा भिंतीबाहेर गेलेले फटके. खेळ चार तास तीन मिनिटं चालला. प्रेक्षक होते १४,९५२, म्हणजे मैदान निम्मंही भरलेलं नव्हतं.

४५ धावा म्हणजे एवढं काय विशेष? क्रिकेटमध्ये तर एक फलंदाज तेवढ्या करतो.

बेसबॉलमध्ये धाव महाग असते. बॅटरने चारही बेसना फेरी मारून होम प्लेटवर परत यायचं, तेव्हा कुठे एक धाव मिळते, आणि तीन आउट झाले की संघाची त्या इनिंगमधली पाळी संपते. मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या) सर्वसाधारण सामन्यात दोन्ही संघ मिळून आठ-नऊ धावा करतात. इथे पहिल्या इनिंगमध्येच तेरा झाल्या. एरवी पाच धावा केल्या तरी संघ बहुतेक वेळा जिंकतो. कब्जने बावीस केल्या आणि ते हरले.

दहावी इनिंग का खेळावी लागली?

नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर जादा इनिंग खेळवतात. पाहुणा संघ आधी बॅटिंग करतो, यजमान नंतर. इनिंग पूर्ण झाल्यावर जो पुढे असेल तो जिंकला. तरीही बरोबरी असेल तर पुढची इनिंग. आता जादा इनिंगच्या सुरुवातीला दुसऱ्या बेसवर एक धावपटू आयता उभा करतात. तो नियम २०२० मध्ये आला आणि २०२३ मध्ये कायम झाला. १९७९ मध्ये असलं काही नव्हतं. पहिल्या बेसपासून सगळं स्वतःच्या बॅटवर मिळवायचं.

इनिंगनिहाय धावा कशा झाल्या?

फिलीज: ७, ०, ८, २, ४, ०, १, ०, ०, १. एकूण २३.
कब्ज: ६, ०, ०, ३, ७, ३, ०, ३, ०, ०. एकूण २२.

या दोन ओळी सावकाश वाचा. दुसऱ्या इनिंगमध्ये दोघांनाही शून्य. त्या दिवशी इतकी शांत इनिंग त्यानंतर थेट नवव्यातच आली. रिग्लीचा मोठा धावफलक हाताने चालवला जातो. आत बसलेली माणसं आकड्यांच्या पाट्या बदलतात. बेसबॉलमध्ये दिवसच्या दिवस त्यांच्या हाती बहुतेक शून्य, एक आणि दोनच लागतात. त्या दुपारी सात, आठ, सहा आणि पुन्हा सात शोधावे लागले.

पहिली इनिंग इतकी वेडीवाकडी कशी झाली?

फिलीजच्या माइक श्मिटने तीन धावांचा होमरन मारला. कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) बॉब बूननेही तीन धावांचाच मारला. मग बॅटिंगला आला फिलीजचाच पिचर रँडी लर्च, आणि त्यानेही चेंडू भिंतीबाहेर पाठवला. अजून एकही चेंडू टाकलेला नाही आणि संघाला सात धावांची आघाडी: याहून सुखाची सुरुवात पिचरला कुठली मिळणार!

पण लर्चला त्या सात धावा पुरल्या नाहीत. कब्जचा एकच बॅटर आउट झाला असताना त्याला मैदान सोडावं लागलं. कब्जचा सुरुवातीचा पिचर डेनिस लँपही एकच आउट मिळवून परतला होता. दोन्ही संघांचे पहिले पिचर प्रत्येकी एका आउटनंतर घरी. डेव्ह किंगमनने तीन धावांचा होमरन मारला. लँपच्या जागी आलेला बदली पिचर डॉनी मूर, त्यानेसुद्धा तीन बेसचा फटका मारून धाव आणली. इनिंग संपली तेव्हा ७-६.

पिचर बॅटिंग करत होते?

हो. मेजर लीगचे दोन भाग आहेत, अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. पिचरऐवजी दुसऱ्याच खेळाडूने बॅटिंग करायची सोय अमेरिकन लीगने १९७३ मध्ये स्वीकारली. हे दोन्ही संघ नॅशनल लीगचे, आणि तिथे ती सोय कायमची आली २०२२ मध्ये. पिचर सहसा संघातला सर्वांत कच्चा बॅटर असतो. म्हणून लर्चचा होमरन आणि मूरचा तो फटका त्या दिवशीची हवा कशी होती हे सगळ्यात चांगलं सांगतात.

हे सगळं वाऱ्यामुळे झालं, असं म्हणतात. खरं आहे का?

बरंचसं खरं आहे. रिग्ली फील्डचा होम प्लेटचा कोपरा नैर्ऋत्येला आहे आणि बॅटरचं तोंड साधारण ईशान्येकडे. मिशिगन सरोवर पूर्वेला, मैलभराच्या आत. सरोवरावरून गार वारा आला की तो बॅटरच्या तोंडावर येतो आणि भले भले फटके भिंतीच्या अलीकडे येऊन पडतात. नैर्ऋत्येचा उबदार वारा सुटला की उलटं होतं. बॅटरच्या पाठीमागून येणारा वारा चेंडूला उचलून प्रेक्षकांत नेतो. म्हणूनच इथे आलेला माणूस आधी धावफलकावरचे झेंडे कुठे फडफडतात ते पाहतो, पिचर कोण आहे ते नंतर. त्या दिवशी वारा बाहेरच्या दिशेने ताशी तीस किलोमीटरच्या आसपास होता.

पण सगळं श्रेय वाऱ्याला देऊ नये. वारा दोन्ही संघांना सारखाच होता, आणि ५० हिटपैकी ३९ तर मैदानातच राहिले. त्यांना वाऱ्याची मदत थोडीच लागली. फिलीजच्या लॅरी बोआने पाच हिट मिळवले, तोही होमरनसाठी ओळखला जाणारा बॅटर नव्हता. पिचरही सारखे चार वाइड टाकून बॅटरला फुकटचा पहिला बेस, म्हणजे वॉक, देत होते. एकट्या श्मिटला त्यांनी चार वेळा असं सोडलं. भिंतीबाहेरच्या भीतीने पिचर कोपऱ्यात टाकायला जातो, चेंडू बाहेर जातो, बेस भरतात, आणि मग साध्या फटक्यावर दोन धावा येतात. वाऱ्यापेक्षा वाऱ्याच्या धास्तीनेच जास्त नुकसान केलं असं मला वाटतं.

२१-९ असा सामना बरोबरीत आला कसा?

तिसऱ्या इनिंगमध्ये फिलीजने आठ धावा केल्या. त्यात गॅरी मॅडॉक्सचा तीन धावांचा होमरन होता. १५-६. चौथ्यात किंगमनने दोन धावांचा दुसरा होमरन मारला आणि स्टीव्ह ऑन्टिव्हरॉसनेही एक मारला, तरी १७-९ होतेच. पाचव्या इनिंगमध्ये फिलीजने आणखी चार जोडल्या. बारा धावांची आघाडी. इथे बहुतेक मॅनेजर आपले मुख्य खेळाडू विश्रांतीला बसवायचा विचार करतात.

फिलीजने चेंडू दिला टग मॅग्रॉकडे. मॅग्रॉ हा लीगमधल्या नावाजलेल्या डावखुऱ्या बदली पिचरांपैकी एक. तो दोनच बॅटर आउट करू शकला आणि तेवढ्यात कब्जच्या सात धावा झाल्या. सगळे बेस भरलेले असताना बिल बकनरने ग्रँड स्लॅम मारला, म्हणजे एका फटक्यात चार धावा. जेरी मार्टिननेही होमरन मारला. २१-१६. आता कुणी उठून घरी जाणार नव्हतं.

सहाव्यात किंगमनचा तिसरा होमरन गेला, मैदानाच्या डाव्या अंगाच्या भिंतीपलीकडे रस्त्यावर. २१-१९. सातव्यात फिलीजला एक धाव मिळाली, आणि त्या गोंधळात ती धाव कुणाच्या फारशी ध्यानातही राहत नाही. ती नसती तर आठव्या इनिंगमध्येच कब्ज पुढे गेले असते.

आठव्यात तीन धावा झाल्या, होमरनशिवाय. हा भाग मला फार आवडतो. अकरापैकी दहा होमरन तोवर होऊन गेले होते, वारा तसाच सुटलेला होता, पण बरोबरी साधली ती मैदानात पडलेल्या साध्या फटक्यांनी, एकेक बेस पळून. २२-२२.

मग दहाव्या इनिंगमध्ये काय घडलं?

कब्जकडून चेंडू टाकत होता ब्रूस सटर. त्या काळी त्याच्यासारखा बदली पिचर नव्हता. त्याचा चेंडू सरळ येतो असं वाटायचं आणि प्लेटजवळ एकदम खाली बुडायचा. बॅटर हवेत बॅट फिरवत राहायचे. त्याच मोसमात त्याने ३७ सामने राखून दिले आणि नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. २००६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

दोन बॅटर आउट झाले. समोर आला श्मिट, आणि त्याने होमरन मारला. २३-२२. सामन्यातला अकरावा आणि शेवटचा. श्मिटचा दिवसातला दुसरा, पहिला पहिल्याच इनिंगमध्ये झाला होता. पुढे श्मिटही हॉल ऑफ फेममध्ये गेला, ५४८ होमरन नावावर ठेवून. चव्वेचाळीस धावा नानातऱ्हेच्या लोकांनी केल्या, पण निर्णायक धाव झाली ती त्या मैदानावरच्या सर्वोत्तम पिचरसमोर सर्वोत्तम बॅटरने मारलेल्या फटक्याने.

सुरुवातीला म्हटलेला तो पिचर कोण?

रॉली ईस्टविक. १९७५ आणि १९७६ साली सिनसिनाटी रेड्सच्या विजेत्या संघात तो होता. १९७९ पर्यंत त्याची ती पहिली चमक ओसरली होती. फिलीजने आठव्या इनिंगपर्यंत चार पिचर वापरले आणि चौघांनाही मार बसला. २२-२२ असताना नवव्या इनिंगसाठी ईस्टविक आला.

जरा त्याच्या जागी उभे राहा. समोरच्या संघाने बावीस धावा केल्यात. बकनरच्या फटक्यांवर सात धावा आल्यात, किंगमनच्या फटक्यांवर सहा. वारा बॅटरच्या पाठीमागून भिंतीकडे. नवव्या इनिंगमध्ये एक धाव दिली तरी सामना तिथेच संपणार. त्याच्यासमोर तीन बॅटर आले, तिन्ही आउट. दहाव्या इनिंगमध्ये पुन्हा तीन, पुन्हा तिन्ही आउट. सहाच्या सहा. हिट नाही, वॉक नाही, कुणी पहिल्या बेसपर्यंत पोचलं नाही. दोन्ही बाजूंच्या दहा पिचरांना जे जमलं नाही ते त्याने सलग दोन इनिंग करून दाखवलं, आणि विजयी पिचर म्हणून नोंद त्याच्याच नावावर झाली.

श्मिटच्या होमरनची आठवण काढताना लोक ईस्टविकला विसरतात याचं मला वाईट वाटतं. त्या वाऱ्यात एक होमरन कुणीही मारू शकला असता. लर्चनेही मारला होता. सहा जणांना ओळीने परत पाठवणं त्या दिवशी दुसऱ्या कुणालाच साधलं नाही.

हा मेजर लीगमधला सर्वाधिक धावांचा सामना आहे का?

नाही. तो विक्रम याच दोन संघांचा आहे आणि याच मैदानावरचा. २५ ऑगस्ट १९२२ रोजी कब्जने फिलीजला २६-२३ असं हरवलं, एकूण ४९ धावा, तेही नऊ इनिंगमध्ये. तेव्हा कब्ज चार इनिंगनंतर २५-६ असे पुढे होते. शेवटच्या दोन इनिंगमध्ये फिलीजने चौदा धावा करून त्यांना घाम फोडला. शेवटचा बॅटर आउट झाला तेव्हा सगळे बेस भरलेले होते.

एका सामन्यात ११ होमरन ही तेव्हाच्या विक्रमाशी बरोबरी होती. पुढे तो आकडा बारावर आणि २०१९ मध्ये तेरावर गेला. तेराच्या त्या सामन्यातही एक संघ फिलीजच होता.

याआधी दोघांत असं काही झालं होतं का?

तीन वर्षांपूर्वीच. १७ एप्रिल १९७६, रिग्ली फील्ड, पुन्हा वारा बाहेर. कब्ज १३-२ असे पुढे होते. श्मिटने त्या दिवशी चार होमरन मारले आणि फिलीजने दहा इनिंगमध्ये १८-१६ असा विजय मिळवला. म्हणजे तीन वर्षांत दोनदा: तेच मैदान, तेच संघ, दहावी इनिंग, फिलीजचा विजय, आणि दोन्ही वेळा श्मिट. कब्जच्या जुन्या चाहत्यांसमोर श्मिटचं नाव काढताना जपून काढावं.

जादा इनिंगच्या सामन्यांत नेहमीच इतक्या धावा होतात का?

बहुतेक वेळा उलट असतं. पिचर भारी पडतात म्हणून सामना लांबतो. १ मे १९२० रोजी ब्रुकलिन आणि बोस्टन यांचा सामना २६ इनिंग चालला, आणि अंधारामुळे थांबवला तेव्हा १-१ अशी बरोबरी होती.

भरपूर धावा आणि भरपूर इनिंग असं दोन्ही हवं असेल तर १० जुलै १९३२ चा क्लीव्हलँडचा सामना पाहा. फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सने १८ इनिंगमध्ये १८-१७ असा विजय मिळवला. फिलाडेल्फियात तेव्हा रविवारी खेळायला बंदी होती, म्हणून एका सामन्यापुरता संघ रेल्वेने क्लीव्हलँडला गेला. खर्च वाचवायला मॅनेजर कॉनी मॅकने पिचर नेले दोनच. पहिला लगेच बाद ठरला आणि एडी रॉमेलला पुढच्या सतरा इनिंग एकट्याने टाकाव्या लागल्या. त्याने २९ हिट दिले आणि तरीही तो जिंकला. समोरच्या जॉनी बर्नेटने नऊ हिट मिळवले, आणि हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही.

त्या मोसमात दोन्ही संघांचं पुढे काय झालं?

फिलीज ८४ विजय आणि ७८ पराभवांसह गटात चौथे, कब्ज ८० आणि ८२ सह पाचवे. सामन्याने कुणाचं नशीब पालटलं नाही. किंगमनने मोसमात ४८ होमरन मारून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. श्मिटचे ४५ झाले. फिलीजचे मॅनेजर डॅनी ओझार्क यांना ऑगस्टअखेर काढून टाकण्यात आलं.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, फिलीजने आपली पहिली वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका) जिंकली. शेवटचा बॅटर आउट केला टग मॅग्रॉनेच. वर्षभरापूर्वी शिकागोत दोन आउट मिळवताना सात धावा दिलेला माणूस फिलाडेल्फियाच्या इतिहासातला सर्वांत लाडका पिचर झाला.

बकनर आणि मूर यांची नावं १९८६ च्या संदर्भात का येतात?

१९८६ च्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत कॅलिफोर्निया एंजल्सना वर्ल्ड सिरीजसाठी एकच स्ट्राइक, म्हणजे बॅटरला चुकवणारा एकच चेंडू, हवा होता. चेंडू डॉनी मूरच्या हातात होता. बोस्टनच्या डेव्ह हेंडरसनने होमरन मारला, आणि एंजल्स तो सामना व पुढे मालिकाही हरले. कॅचर होता बॉब बून, हाच तो १७ मेचा फिलीजचा बून. त्यामुळे बोस्टन वर्ल्ड सिरीजमध्ये गेलं, आणि तिथे सहाव्या सामन्याच्या दहाव्या इनिंगमध्ये पहिल्या बेसवर बिल बकनरच्या पायांतून चेंडू निसटला.

दोघांनाही त्या एकेका चेंडूवरून लोकांनी वर्षानुवर्षं छळलं. मूरने १९८९ मध्ये आपल्या पत्नीवर गोळ्या झाडल्या, त्यातून ती वाचली, आणि त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. बकनरने बावीस मोसम खेळून २,७१५ हिट मिळवले होते, १९८० मध्ये ०.३२४ च्या सरासरीने तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम बॅटर ठरला होता. ज्यांना बकनर म्हणजे फक्त तो निसटलेला चेंडू आठवतो, त्यांनी त्याचा १७ मेचा खेळ जरूर पाहावा: चार हिट, त्याच्या फटक्यांवर सात धावा, आणि हरत असलेल्या संघाला पुन्हा उभं करणारा तो ग्रँड स्लॅम.

चार तास सामना चालला, अंधार पडला नाही का? दिवे होते का?

सामना दुपारचा होता, त्यामुळे निभावलं. रिग्लीवर दिवे आले ऑगस्ट १९८८ मध्ये. तोवर तिथले सगळे सामने दिवसाच व्हायचे.

मी शिकागोत राहतो. ते मैदान अजून आहे का?

आहे, आणि जरूर जा. १९१४ साली उघडलेलं हे मैदान मेजर लीगमध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कनंतर सर्वांत जुनं. रेड लाइनच्या गाडीने अॅडिसन स्टेशनवर उतरलात की समोरच. भिंतीवरची आयव्हीची वेल आणि हाताने चालवायचा धावफलक दोन्ही १९३७ पासून आहेत. सामना संपल्यावर धावफलकावर झेंडा चढतो: कब्ज जिंकले तर पांढऱ्यावर निळा ‘डब्ल्यू’, हरले तर निळ्यावर पांढरा ‘एल’. डाव्या बाजूला वेव्हलँड अॅव्हेन्यू आहे. सामन्याच्या दिवशी तिथे माणसं बेसबॉलचे हातमोजे घालून उभी असतात, बाहेर येणाऱ्या चेंडूची वाट बघत. वारा नैर्ऋत्येचा असेल तर तुम्हीही उभे राहा.

संपूर्ण चार तास पाहायला वेळ नाही. काय पाहावं?

त्या दिवशीच्या टीव्ही प्रक्षेपणाची चित्रफीत इंटरनेटवर शोधली तर मिळते. पहिली इनिंग पूर्ण पाहा. मग थेट पाचव्या इनिंगच्या उत्तरार्धावर या, जिथे मॅग्रॉ चेंडू हातात घेतो. तिथून शेवटपर्यंत काही गाळू नका. नवव्या इनिंगपासून पुढे बॅटरकडे न बघता ईस्टविककडे बघा.